अक्का पुढच्या रांगेत बसली

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता लंडनहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आईचं तिकीट झालं. बिझनेस क्लासचं आहे. माझ्या मैलांवर काढलंय. आईला नीट समजावून सांगा."

मी त्याच संध्याकाळी ओतूरला अक्काच्या घरी गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय बासष्ट. ओटीवर बसून ती लसूण सोलत होती. मी तिकिटाची बातमी सांगितली. लेकीच्या बाळंतपणाला जायचे म्हणून ती आधी हरखली. मग तिने विचारले, "किती पैसं पडलं रं पोरीला?"

मी म्हणालो, "तिकिटाचे काही नाही. थोडा कर भरावा लागला. बाकी मैलांवर झाले."

"म्हंजी फुकट?"

"तसंच समज."

अक्काने लसणाची पाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "मग मला न्हाई जायचं. फुकटच्या खुर्चीवर मी बसत न्हाई."

वाचकहो, हा एक शब्द आपल्या घरांत किती खोल रुतलेला आहे, हे त्या संध्याकाळी मला नव्याने कळले. चूक माझीच होती. वीस-पंचवीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाने "तसंच समज" असे ढिले उत्तर द्यायला नको होते.

फुकट या शब्दाचा इतिहास

अक्काने उभा जन्म कांद्यात काढला. कांद्याची लागण, काढणी, निवडणी, मग बाजारात गोण्या भरणे. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगी. ती मुलगी दहावीनंतर पुण्याला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून इंजिनिअर झाली. त्या काळात गावात कोणी ना कोणी अक्काला ऐकवायचेच, "तुमचं काय बाई, तुम्हाला सगळं फुकट." फी फुकट, राहणे फुकट, जेवण फुकट. पोरीने रात्र रात्र जागून केलेला अभ्यास आणि आईने उन्हात वाकून केलेली निवडणी त्या हिशेबात कोणी धरली नाही.

म्हणून अक्काने नेम केला होता. दुसऱ्याच्या घरचा चहा प्यायली तर चार दिवसांत त्याला चहाला बोलवायचे. उसनी साखर वाटी भरून आणली तर परत करताना वाटी शीग लावून द्यायची. अशा बाईला विमानातली सर्वांत पुढची, सर्वांत महागडी जागा "फुकट" आहे असे मी सांगितले. ती बसेल कशी?

दुसऱ्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेलो. म्हटले, "अक्का, आज हिशेब मांडू. जमेला काय, खर्चाला काय, ते तूच बघ."

मैल म्हणजे काय?

ही गोष्ट आपल्या अनेक वाचकांनाही नवी असेल, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

विमान कंपन्यांना एकच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावे असे वाटते. किराणा दुकानदार कायमच्या गिऱ्हाइकाला दिवाळीत उटण्याची पुडी देतो, त्यातलाच हा प्रकार, पण पक्का लिहून ठेवलेला. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ च्या मे महिन्यात अशी योजना सुरू केली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी तीच वाट धरली. प्रवाशाच्या नावाने खाते उघडतात. तो जितका प्रवास करील तितके मैल त्याच्या खात्यात जमा होतात. पुरेसे साठले की त्या मैलांच्या बदल्यात तिकीट मिळते. पूर्वी बहुतेक ठिकाणी उडालेल्या अंतरावर मैल मिळत. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी तिकिटासाठी मोजलेल्या पैशांवर मैल द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आजचा मैल हा रस्त्यावरचा मैल राहिलेला नाही. ते कंपनीचे स्वतःचे नाणे आहे.

आता भाचीच्या खात्यात हे नाणे आले कोठून? तिची नोकरी अशी की महिन्यातून एकदा-दोनदा परगावी, परदेशी जावे लागे. कधी न्यूयॉर्क, कधी सिंगापूर. रात्री निघायचे, सकाळी उतरून तोंड धुवायचे आणि थेट कचेरीत उभे राहायचे. सहा वर्षे हे चालले. एका दिवाळीला ती घरी येऊ शकली नाही. ज्या रात्री अक्का तापाने फणफणली होती त्या रात्री लेक विमानात होती, आणि दवाखान्यात मी बसलो होतो.

मी वहीत जमेच्या बाजूला या रात्री लिहिल्या. अक्काला आठवत होत्या तेवढ्या तिने स्वतः सांगितल्या. सतरा नोंदी झाल्या. मग म्हणालो, "अक्का, हे मैल म्हणजे तुझ्या पोरीच्या या रात्री. कंपनीने त्या मोजून ठेवल्या. आता पोरगी त्या तुझ्यावर खर्च करते आहे. यात फुकट काय आहे?"

अक्का बराच वेळ वहीकडे बघत राहिली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती लिहावाचायला शिकली. अक्षर लावून लावून वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, "पर ही कामं तिच्या कंपनीची व्हती. तिकिटं कंपनीनं काढली. मग मैल पोरीचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या कचेरीतल्या एखाद्या साहेबाला हा प्रश्न पडला असता तर मला आनंद झाला असता.

मालक कोण?

केंद्र सरकारच्या नोकरांना हा नियम स्पष्ट घालून दिलेला आहे. सरकारी खर्चाच्या तिकिटावर जे मैल मिळतील ते खात्याच्या दुसऱ्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. कोणी ते स्वतःच्या खाजगी प्रवासाला वापरले तर त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. तिजोरी जनतेची, म्हणून तिच्यातून उपजलेले मैलही जनतेचे. हा नियम मला योग्यच वाटतो.

खाजगी कंपन्यांत मात्र ज्याची त्याची पद्धत असते. पुष्कळ कंपन्या मैल कर्मचाऱ्याकडेच राहू देतात. घरापासून दूर घालवलेल्या दिवसांची ती थोडी भरपाई असते. मी भाचीला फोन लावला आणि अक्काचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, आईला सांगा, आमच्या नियमांत लिहिलेलं आहे. मैल ज्याने प्रवास केला त्याचे. मी आधीच विचारून घेतलंय." आईचीच लेक!

तेव्हा कोठे अक्काने मान हलवली. पण खुर्चीवर बसायचा होकार अजून आला नव्हता.

पाण्याची पोढी आणि साडेअकरा पौंड

आमचा जुन्नर तालुका परदेशाला नवखा नाही. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही उभा आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली लेणी आहेत, आणि त्यांतल्या शिलालेखांत यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी लोकांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्या यवनाचेही दान नोंदलेले आहे.

अक्काला घेऊन मी पूर्वी लेणी पाहायला गेलो होतो, तेव्हा हे सांगितले होते. आता पुन्हा आठवण करून दिली. म्हणालो, "त्या पोढीचं पाणी वाटसरूला पैसा न देता मिळायचं. पण ते फुकट होतं का? कोणीतरी पाथरवटांची मजुरी दिली, म्हणून तर भिंतीवर नाव कोरलंय. ज्याला मिळतं त्याने एवढंच करायचं, ते नाव विसरायचं नाही."

आणि बाबासाहेबांचा हिशेब तर आपल्या सर्वांना पाठ असायला हवा. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला होता. मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. यातली कोणती बोट फुकटची होती?

आज महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना तीत फी, निर्वाहभत्ता आणि साध्या वर्गाचे विमानभाडे मिळते. त्या मुलांनाही "फुकट" ऐकावे लागते. त्यांच्या आईबापांनी काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरलेला असतो, ही नोंद ऐकवणाऱ्याच्या वहीत नसते.

अक्काने ऐकून घेतले आणि उठून चुलीवर चहा ठेवला. मी समजलो.

मैलांचा भाव रातोरात वाढतो

आता या तिकिटामागची धावपळही सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे आहे.

भाचीने आधी मैल तपासले तेव्हा जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटे पुढच्या वर्गाची बसत होती. अक्काचे गुडघे सुजतात, नऊ-दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसणे तिला शक्य नाही. पुढच्या वर्गात आसन पलंगासारखे सपाट होते. थाटमाटासाठी नव्हे, या गुडघ्यांसाठी तिने मैल राखले होते. पण पासपोर्टच हातात नव्हता. अर्ज, पोलीस चौकशी, जन्मतारखेचा दाखला यांत दोन महिने गेले. तेवढ्यात त्या कंपनीने तिकिटाला लागणारे मैल वाढवले. दोन तिकिटांचे मैल होते ते एकाला जेमतेम पुरले.

बँकेतले शंभर रुपये उद्या शंभरच राहतात. मैलांचे तसे नाही. भाव कंपनी ठरवते, बदलतेही तीच. शिवाय मैलांवर द्यायच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. भाचीला हवी ती तारीख मिळाली नाही. चार दिवस अलीकडचे तिकीट घ्यावे लागले.

करही चुकत नाही. मैलांचे तिकीट असले तरी विमानतळाचे आकार आणि कर रोख भरावे लागतात. इंग्लंडातून निघणाऱ्या प्रवाशावर तेथील सरकारचा प्रवासी कर आहे, आणि पुढच्या वर्गाला तो साध्या वर्गापेक्षा जास्त दराने लागतो. म्हणून आम्ही ठरवले की जाताना मैलांवर पुढच्या वर्गात आणि येताना रोख पैशांनी साध्या वर्गात. परतीच्या तिकिटात अक्काने स्वतःच्या बचतीतले पाच हजार घातले. ते घेतल्याशिवाय ती ऐकेना.

माळशेज उतरून सहारला

निघायचा दिवस नोव्हेंबरातला. रात्रीचे विमान होते, तरी आम्ही सकाळीच निघालो. घाटात अडकलो तर? ओतूरहून मढ, खुबी फाटा, पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी उजेडात चमकत होते. माळशेज उतरलो, मुरबाड, कल्याण करत मुंबईत शिरलो. याच रस्त्याने आमचे वडील गिरणीत काम शोधायला ट्रकमध्ये बसून गेले होते, ते अक्काने वाटेत दोनदा सांगितले.

सामानात कुरडया, शेवया, लसणाची चटणी, बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या होत्या. पेढे काढून ठेवावे लागले. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इंग्लंडात न्यायला मनाई आहे. तेलाची बाटली मोठ्या बॅगेत टाकली, कारण हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही.

विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. दारातच निरोप घ्यायचा. गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती. ही सोय कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मिळू शकते, तिकीट काढतानाच सांगावे. खुर्ची घेऊन आलेला पोरगा मराठी होता. अक्का त्याला म्हणाली, "बाळा, तुला किती द्यायचं?" तो म्हणाला, "आजी, काही नाही. पगार मिळतो मला." अक्काने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "फुकट नाही अक्का. त्याचा पगार आहे." ती हसली. "जयभीम" म्हणाली आणि आत गेली. काचेपलीकडे तिचे हिरवे लुगडे दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो.

खुर्चीवर बसल्यावर

पुढचे तिनेच लंडनहून फोनवर सांगितले.

आत पुढच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी वेगळी बसण्याची खोली होती. तेथे जेवण मांडलेले. अक्काने तीन वेळा "किती झालं?" विचारले आणि तिन्ही वेळा "तिकिटात आहे" हे उत्तर ऐकून मगच वरणभात घेतला. विमानाचे दार उघडले तेव्हा पोरगा तिची खुर्ची सर्वांच्या पुढे नेऊ लागला. रांगेत सूटबूटवाले, बायका-पोरे उभी. अक्का म्हणाली, "थांब रं, त्यास्नी जाऊ दे आधी. मी मागनं जाते." पोरगा म्हणाला, "आजी, तुमचाच नंबर पहिला आहे."

हे सांगताना फोनवर तिचा आवाज थांबला. मग म्हणाली, "मला आपली हीर आठवली. सगळ्यांचं भरून झालं की मग आपली पाळी. मी थांबाया लागले ती सवयीनं. मग तुझी वही आठवली. म्हनलं, चल."

आसन सपाट कसे करायचे ते हवाईसुंदरीने दाखवले, गादी घातली. अक्का उभी राहून स्वतःच पांघरूण झाडू लागली. पाय लांब करून ती सहा तास झोपली. उतरताना गुडघे सुजलेले नव्हते. हीथ्रोच्या दारात आठवा महिना लागलेली लेक उभी होती.

मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. एअर इंडियाचे या मार्गावरचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी कैरो आणि जिनिव्हा मार्गे गेले, तेव्हा त्यात राजे-महाराजे होते. आता त्याच वाटेने ओतूरची कांदा निवडणारी बाई पुढच्या रांगेत बसून गेली. नात झाल्यावर महिन्याभराने ती लेकीबरोबर किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर पाहून आली. १९२१-२२ साली बाबासाहेब तेथे राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

आपल्या घरांसाठी चार गोष्टी

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता नोकरीनिमित्त विमानाने फिरतात. म्हणून एवढे सांगावेसे वाटते.

मैलांचे खाते मुलांनी पहिल्याच प्रवासाला उघडावे. खाते उघडायला सहसा पैसे लागत नाहीत. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे.

मैलांना मुदत असते. ती वहीत टिपून ठेवावी. फार वर्षे साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, भाव वाढतो. कंपन्याही बंद पडतात. किंगफिशर २०१२ साली आणि जेट एअरवेज २०१९ साली जमिनीवर आली, ते आपण पाहिले.

मैलांच्या लोभाने क्रेडिट कार्ड घेऊन उधारी वाढवू नये. थकलेल्या रकमेवर वर्षाला तीस-चाळीस टक्के व्याज चढते. तेवढ्या व्याजात रोखीचे तिकीट येते. मैल एजंटाला विकूही नयेत, खाते बंद होऊ शकते.

आणि नोकरी सरकारी असेल तर त्या प्रवासाचे मैल आपले नाहीत. त्यांना हात लावू नये.

अक्का वसंतात परत आली, साध्या वर्गात, दोनदा उठून फेऱ्या मारत. आल्यावर तिने माझ्याकडून ती वही मागून घेतली. सतरा नोंदींच्या खाली तिने आपल्या हाताने अठरावी नोंद केली. अक्षर वेडेवाकडे आहे, पण स्पष्ट वाचता येते: "आई पुढे बसली. हिशेब पुरा."